निवळलेलं तळं

तळ्यातलं पाणी निवळलं होतं. काठावरचा निळा प्लास्टिकचा कागद थेट खालपर्यंत दिसत होता, त्याच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या, आणि तळाशी पिवळट तपकिरी गाळ बसला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरच्या पलीकडे आमच्या प्लांटवर मी पोचले ती हे बघायला. राखणदाराची बायको काठावर उभी राहून कौतुकाने पाहत होती. मला म्हणाली, "म्याडम, पानी कसं निव्वळ झालंय बघा. पयल्यांदाच इतकं सोच्छ दिसतंय." मी खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता सिमेंटच्या कठड्यावर बसले. 

पाणी स्वच्छ झालं तर या बाईचं काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण आमचं सगळं त्या हिरव्या घाणीवरच चाललं होतं. ते सूक्ष्म शेवाळ होतं. एकेक पेशी डोळ्यांना दिसणार नाही एवढी, पण कोट्यवधी एकत्र आल्या की पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं दिसतं. या पेशींना थोडं उपाशी ठेवलं की त्या अंगात तेल साठवतात. ते तेल काढायचं, त्याचं डिझेल करायचं. शेतकरी करडई पेरतो तसं आम्ही पाण्यात तेल पेरत होतो, यापेक्षा अवघड त्यात काही नाही. अवघड होतं ते त्याला जगवणं.

मी आधी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. वर्गात अर्ध्या मुली मोबाईलमध्ये आणि उरलेल्या खिडकीबाहेर. त्या नोकरीला मी रामराम ठोकला आणि इथे आले, तेव्हा माझ्या सासरच्यांनी कपाळाला हात लावला. बँक नाही, शाळा नाही, शेवाळ. एका लग्नात माझ्या जावेने माझी ओळख करून दिली, "ही आमची शेवाळवाली." मीही म्हटलं, "हो, आणि तुझ्या गाडीला एक दिवस माझंच शेवाळ लागणार आहे." मी फटकळ आहे, हे माझ्या सासरी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

हे शेवाळ मी गुरांच्या हौदातून आणलं होतं. सिन्नरच्या पूर्वेला पाऊस कमी. उन्हाळ्यात तिकडे फिरताना एका गावाबाहेर हा हौद दिसला. पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं, आजूबाजूचं सगळं वाळून गेलेलं, आणि हौद मात्र हिरवागार. मी पाण्याची बाटली रिकामी केली आणि त्यात ते भरून घेतलं. हौदावर गुरं घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "बाई, हे प्यायाला नेता का काय?" त्याला काय सांगणार? पण बाहेरून मागवलेली नामांकित शेवाळं आमच्या उन्हात माना टाकत होती, तिथे हे टिकलं.

प्लांट सरांचा. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. परदेशात शिकून, तिथे बरीच वर्षं काढून ते परत आले होते. त्यांच्या वडिलांचं सातपूरला लोखंड कातायच्या लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ते विकून आणि स्वतःची पुंजी घालून त्यांनी हे उभं केलं. सर पक्के विज्ञानवाले. नवीन पंप आला तर त्यावर नारळ फोडू देत नसत. "नारळाच्या पाण्याने गंज धरतो," म्हणत.

आमचं तळं म्हणजे एक लांबट, उथळ, दोन्ही टोकांना गोल वळलेली सिमेंटची वाट होती. मध्ये फळ्यांचं चाक. मोटरवर ते सावकाश फिरायचं आणि सगळं पाणी तळ्यात गोल वाहत राहायचं. दिवसरात्र. हे चाक थांबलं तर पेशी खाली बसतात. खाली उजेड नाही. एकावर एक पडून त्या एकमेकींचा श्वास कोंडतात, आणि आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात मग सडायला वेळ लागत नाही. मी कामावर आले तेव्हा सरांनी मला पहिलं हेच शिकवलं. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, चाक थांबता कामा नये. लाइट गेली तर जनरेटर, जनरेटर बंद पडला तर दुसरा जनरेटर. स्विचच्या पेटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात पाटी लिहिली होती, "चाक थांबवू नये".

इंधनाच्या एका मोठ्या कंपनीची माणसं आमच्याकडे येऊन गेली होती. आमच्या तेलाचं डिझेल करून त्यांच्यासमोर जनरेटर चालवून दाखवला. धुराला सुकट तळल्याचा वास येत होता. नेमकी एकादशी होती, राखणदाराची बायको म्हणाली, "माझा उपास मोडला." पाहुणे हसले. त्यांना तेल आवडलं. पण जाताना म्हणाले, "तेल सगळ्यांचं निघतं हो. तळी मरतात. एकच तळं सलग वर्षभर, मध्ये कधीही न मरता, चालवून दाखवा. मग पुढचं बोलू." अट सरळ होती. सरांनी ती मान्य केली. मागच्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही तळ्यात शेवाळ सोडलं. आता येत्या दिवाळीला वर्ष पुरं होणार होतं. नाही झालं तर प्लांट चालवायला पुढे काहीच नव्हतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

ते वर्ष कसं काढलं ते माझं मला ठाऊक. उन्हाळ्यात पाणी आटायचं ते भरत राहायचं. पावसाळ्यात शेवाळ खाणारे बारीक जीव शिरले. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले तेव्हा मला घेरीच आली होती. तरी त्यातून तळं बाहेर आलं. गणपतीनंतर तर ते असं दाट झालं की हात बुडवला तर बोटं दिसत नव्हती. एवढ्याने मी खूश व्हायची. घरी भाजी करपली तरी चालायचं, तळ्याचा रंग उतरता कामा नये.

खंडेनवमीला दुपारी मी नाशिकला घरी जायला निघाले. सर म्हणाले, "दोन दिवस मी इथेच आहे. तुम्ही निश्चिंत श्रीखंड खा." मी निघताना सहज म्हटलं, "चाकाला हार घालायचा तर बाहेरून खांबाला घाला हं. मोटरला हात नको." ते हसले. "मॅडम, हा नियम तुम्ही मला शिकवणार?" मीही हसले. बाहेर पडताना मागे वळून पाहिलं, चाक फिरत होतं.

दसऱ्याच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर मी फोन केला. "चाक?" "सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्हाला दसऱ्याच्या शुभेच्छा." मी फोन ठेवला आणि निवांत झोपले. आजही मला माझ्या त्या झोपेचा राग येतो.

आणि आता सकाळी मी त्या कठड्यावर बसले होते आणि चाक उभं होतं. फळ्या धुऊन पुसून चकचकीत केल्या होत्या. प्रत्येक फळीला हळदीकुंकवाची बोटं. खांबाला झेंडूचा जाड हार, आपट्याची पानं खोचलेली. स्विचच्या पेटीलाही हार होता, आणि "चाक थांबवू नये" या पाटीवर कुणीतरी मोठ्या भक्तिभावाने कुंकू लावलं होतं. गाळातून अधूनमधून बुडबुडे वर येत होते. ते फुटले की कुजक्या अंड्याचा वास सुटायचा.

सर तळ्याच्या पलीकडच्या टोकाला उभे होते. मी त्यांच्याकडे गेले.

"लाइट गेली होती?"

"नाही."

"मोटर जळाली?"

"नाही मॅडम. मी बंद केलं. नवमीच्या संध्याकाळी."

माझा विश्वास बसेना. खरंच बसेना. मला वाटलं मी काहीतरी वेगळंच ऐकतेय. दुसऱ्या कुणी बंद केलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे धुतला असता. पण ज्याने मला हा नियम शिकवला त्याच माणसाने आपल्या हाताने लाल बटण दाबलं होतं, आणि वर मला फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

"तुम्हाला माहीत नव्हतं काय होईल?"

 तेवढ्यात राखणदाराची बायको मागून आली आणि चांगलं सांगावं म्हणून म्हणाली, "सायेब काल दिसभर बांबूनं पानी ढवळीत व्हते म्याडम. जेवले बी नाय. मी म्हनलं, मी ढवळते, तर मला हात लावू दिला नाय." ते ऐकून तर मी हबकलेच. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. तळं मरतंय हे दिसत होतं, हाताने ढवळून ते वाचत नाही हेही कळत होतं, आणि चार पावलांवरचं, चाक सुरू करायचं हिरवं बटण दाबायला त्यांचा हात धजला नव्हता.

"सर," मी म्हटलं, "दसरा आहे म्हणून कुणी दावणीच्या म्हशीची वैरण बंद करतं का? तुम्ही शिकलेले ना?"

"आमच्या घरी दसऱ्याला मशीन चालत नाही," ते म्हणाले.

"आमच्याही घरी मिक्सरला हार घालतात. पण फ्रिज चालूच असतो."

मग त्यांनी मला सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या, उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. सर अगदी लहान असताना दसऱ्याच्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं घाईचं काम होतं म्हणून अण्णांनी लेथ चालू ठेवला, आणि त्यात बोटं गेली. पुढे जन्मभर अण्णा दर खंडेनवमीला मुलांना जवळ बसवून तो हात दाखवायचे. मशीनलाही एक दिवस असतो, म्हणायचे. तो मान दिला नाही तर ते आपल्याकडून घेतं.

"मी देव मानत नाही, तुम्हाला माहीत आहे," सर म्हणाले. "परदेशात असतानाही त्या दिवशी मी प्रयोगशाळेत जात नसे. काहीतरी कारण काढायचो. परवा आई पूजेला आली. ती चाकासमोर उभी राहिली आणि मला अण्णांचा हात दिसला. मग नाही जमलं मॅडम. काल ढवळताना दहादा पेटीपाशी गेलो आणि परत आलो."

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला फक्त ते निवळ पाणी दिसत होतं. वर्षभराचं काम एका बोटाने संपवलं आणि त्याचं कारण काय तर गोष्ट. मी गाळाचा नमुना घेतला आणि लॅबमध्ये गेले. काहीतरी केलं नसतं तर मी त्यांना नको ते बोलले असते.

सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक पेशी फिकट पडल्या होत्या, फुटल्या होत्या. मधूनच एखादी हिरवी. पुन्हा नमुना बदलून पाहिलं, पुन्हा काही हिरव्या. माझा जीव तेवढ्यावर अडकला. पुढचं आत्ताच सांगून टाकते, तळं वाचलं नाही. वर्षही पुरं झालं नाही आणि ती कंपनी पुन्हा आली नाही. बाटल्यांमध्ये जपलेल्या शेवाळापासून एका छोट्या टाकीत आम्ही अजून सुरुवातच करतो आहोत, तीही किती दिवस चालेल माहीत नाही. पण त्या क्षणी मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आत्ता लगेच चाक फिरलं तर जगेल. मी धावत बाहेर आले.

बाहेर सरांच्या आई होत्या. मी त्यांना काकू म्हणते. ऑफिसच्या खोलीत बसून चहा घेतला असावा, आता स्टीलच्या ताटलीत नारळाचे तुकडे घेऊन त्या तळ्यापाशी आल्या होत्या. बारीक बांध्याच्या, ताठ चालणाऱ्या बाई. माहेर येवल्याकडचं. इतकी वर्षं नाशकात काढून बोलणं तिकडचंच राहिलेलं. "घे गं, प्रसाद," त्यांनी ताटली पुढे केली.

मी ताटलीकडे पाहिलंही नाही. "सर, काही जिवंत आहेत. चाक सुरू करा. आत्ता."

"कोन जिवंत आहेत?" काकूंनी विचारलं.

"तळं मेलंय काकू," मी म्हटलं. कुणी थांबवायला नव्हतं आणि मी थांबणारी नव्हते. "चाक बंद ठेवलं म्हणून. वर्षभर जगवलेलं तळं तुमच्या दसऱ्यापायी मेलं."

काकूंनी आधी तळ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "मंग बंद केलंस कशाला? मी म्हनले व्हते का?"

"तू म्हणायला कशाला पाहिजे?" सर एकदम तापले. त्यांना आईवर आवाज चढवताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "दसऱ्याला मशीन चालू ठेवलं म्हणून अण्णांची बोटं गेली, ते मी विसरू का?"

"मशीन चालू नव्हतं," काकू म्हणाल्या.

त्या बोलल्या आणि त्यांनी तोंडावर पदर घेतला. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांना कळलं असावं.  सर पुढे आले. "काय म्हणालीस?"

"काय नाय. तू चाक सुरू कर. ही बाई काय म्हनती ते कर."

"आई. चालू नव्हतं म्हणजे?"

मी तिथून निघून जायला हवं होतं. घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती. पण मी तिथेच थांबले. काकूंनी ताटली कठड्यावर ठेवली आणि मुलाकडे न बघता, पाण्याकडे बघत बोलल्या. "बंद व्हतं. पूजेसाठी बंदच केलं व्हतं. हे झाकन काढून आतली चाकं पुसत व्हते. फडकं घिऊन. मी फुलं निवडत व्हते." त्या थांबल्या. "तू चार वर्साचा व्हतास. तुला ते हिरवं बटन लय आवडायचं."

 पेटीवरच्या हारातलं एक फूल गळून खाली पडलेलं मला दिसलं, आणि त्याच्याकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे.  माझा सगळा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

"दवाखान्यातून आले तेच बोलले," काकू म्हणाल्या, "पोराला सांगायचं नाय. चालू व्हतं म्हनून सांगू. मशीनचा दोस म्हनू. गावाला, भावाला, सगळ्यांला तेच सांगितलं. दर वर्सी सांगायचे, तुझ्या ध्यानात पक्कं बसावं म्हनून. मला वाटलं जाईल माझ्याबरूबर."

सर उभे होते तसेच उभे राहिले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला भीती वाटली. पन्नाशीतला माणूस, एवढं जग पाहिलेला, आणि ज्या गोष्टीपायी काल दिवसभर उपाशीपोटी बांबूने पाणी ढवळत राहिला, ती गोष्ट बापाने त्याच्यासाठी रचलेली निघाली.  शेवटी मला येत होतं तेवढंच मी हळू आवाजात बोलले. "सर, चाक."

ते पेटीपाशी गेले. हार बाजूला केला. बोट हिरव्या बटणावर नेलं आणि थांबले. मागे वळून त्यांनी चाकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"चाकाजवळ कोणी नाही ना?"

"नाही सर."

बोट बटणावरच होतं. ते दाबेनात. "नक्की कोणी नाही ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

तेव्हा काकू चाकापासून दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात डोक्याच्या वर धरले, बोटं पसरून, सरांना नीट दिसतील असे. "बघ," त्या म्हणाल्या. "कोनी नाय." मीही हात वर केले. पलीकडच्या काठावर राखणदाराची बायको उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण आमचं बघून तिनेही केले. सरांनी आमचे सगळ्यांचे हात एकेक करून पाहिले, आणि मग बटण दाबलं.